जऽथंग: झळ कोणाला?

१८ डिसेंबर २००८ रोजी बीजिंगच्या ‘ग्रेट हॉल’मध्ये चीनचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हू जिंताओ यांचे भाषण झाले. १९७८ साली सुरू झालेल्या आर्थिक सुधारणांना तीस वर्षे पूर्ण होत होती, हे त्याचे निमित्त. अशा भाषणांची भाषा ठरलेली असते: जड, घडीव, शब्दन्‌शब्द तोलून घेतलेली. त्या भाषेत हू यांनी तीन नकार एकापाठोपाठ उच्चारले. डगमगायचे नाही, ढिले पडायचे नाही, आणि तिसरा नकार ‘पू जऽथंग’. पहिली दोन क्रियापदे कागदी, व्यासपीठावरच शोभणारी. तिसरे घरातले, गल्लीतले, आजारी माणसाच्या उशाशी बसून बोलले जाणारे. सभागृहात हशा पिकला. पुढे ३० डिसेंबरला चिनी सरकारच्या माहिती कार्यालयाच्या पत्रकार परिषदेत हाच शब्द पुन्हा निघाला, तेव्हा इंग्रजी दुभाष्याने त्याचे भाषांतर न करता चिनी शब्दच जसाच्या तसा उच्चारला, आणि तिथेही हशा झाला. मग भाषांतरकारांमध्ये चर्चा रंगली. कोणी सुचवले ‘धरसोड करू नका’, कोणी ‘वाट सोडून भरकटू नका’, कोणी ‘नसते उपद्व्याप करू नका’. प्रत्येकाला कोशाचा थोडाफार आधार होता, आणि तरीही कोणत्याच पर्यायावर एकमत होईना.

चिनी शिकणाऱ्याला हे क्रियापद बऱ्याच उशिरा भेटते. परकीयांसाठीच्या ‘एचएसके’ परीक्षेच्या जुन्या रचनेत सहा पातळ्या आणि ५,००० शब्द होते. जऽथंग त्यातल्या सहाव्या, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीच्या यादीत येतो. तोवर विद्यार्थ्याला एक सवय जडलेली असते: डावीकडे चिनी शब्द, उजवीकडे अर्थ, आणि अर्थ अनेक असतील तर स्वल्पविराम देत एकापुढे एक. खुर्ची, रेल्वे, खरेदी करणे इथपर्यंत ही वही उत्तम चालते. जऽथंगपाशी ती अडते, आणि त्याचे कारण या शब्दाला अर्थ फार आहेत हे नव्हे. माझे म्हणणे असे आहे की या क्रियापदाला अर्थ एकच आहे, पण त्या अर्थात दोन जागा रिकाम्या आहेत. काहीतरी स्थिर होते किंवा स्थिर होऊ शकले असते, ते पुन्हा पुन्हा हलवले गेले आणि त्याची कोणाला तरी झळ बसली, एवढाच तो अर्थ. काय हलवले आणि झळ कोणाला बसली, हे क्रियापद स्वतः सांगत नाही. ते त्याच्या आजूबाजूचे शब्द सांगतात. म्हणून असे क्रियापद एकटे पाठ करता येत नाही. ते शेजाऱ्यांसकटच शिकावे लागते.

आधी उच्चाराचे पाहू. चीनने १९५८ मध्ये स्वीकारलेल्या रोमन लिपीतल्या लेखनामुळे हा शब्द आपल्याकडे कोणी ‘झेतेंग’ असा वाचेल. प्रत्यक्षात पहिले अक्षर जीभ वर वळवून केलेल्या ज-च च्या मधल्या आवाजाचे, उंच आणि सपाट सुरात धरलेले आहे. त्यातला स्वर ‘ए’ नसून लांबवलेल्या ‘अ’च्या जवळचा आहे. दुसरे अक्षर महाप्राण, म्हणजे ‘त’ नसून ‘थ’, आणि ते सूर सोडून, हलकेच टाकलेले. त-थ, प-फ, क-ख हा भेद मराठी कानाला जन्मापासून कळतो. चिनी भाषेत तो कळीचा आहे, आणि इंग्रजीतून शिकणाऱ्यांना तो फार छळतो. मराठी विद्यार्थ्याने रोमन अक्षरांवर विसंबून ही आयती मिळालेली शिदोरी वाया घालवू नये.

दुसरे अक्षर हलके पडते यालाही अर्थ आहे. ‘थंग’ एकटे आणि चढत्या सुरात आले की घोड्याचे दौडणे, वर उसळणे, किंवा जागा रिकामी करून देणे असे अर्थ होतात. पण काही क्रियापदांच्या मागे ते सूर गमावून लागते, आणि तिथे त्याचे काम एवढेच उरते की आधीची क्रिया सारखी, वारंवार, घुसळल्यासारखी चालली आहे हे दाखवायचे. ‘नाओथंग’ म्हणजे गोंगाट-धिंगाणा चालू ठेवणे, ‘फान्थंग’ म्हणजे वस्तू खालीवर करून उचकणे, ‘ताओथंग’ म्हणजे माल इकडून तिकडे हलवत राहणे आणि त्यावरून घेऊन-विकून पैसे करणे. जऽथंग याच कुळातला आहे. पहिल्या अक्षराचे लेखनचिन्ह तर स्वतःच बहुरूपी आहे: एका उच्चारात ते मोडणे, दुमडणे, किंमत उतरवणे दाखवते, दुसऱ्या उच्चारात तुटणे आणि व्यापारात खोट खाणे, आणि तिसऱ्या, उंच-सपाट उच्चारात उलटेपालटे होणे. दुकानावरच्या पाटीवर हेच चिन्ह आठच्या आकड्यापुढे दिसले तर वस्तू ८० टक्के किमतीला मिळते; सूट २० टक्क्यांचीच असते. सांगायचा मुद्दा हा की चिन्ह ओळखता आले म्हणून जऽथंग कळत नाही. चिन्हाच्या अर्थांची बेरीज करून या शब्दापर्यंत पोचता येत नाही. कुळाकडे पाहिले तर निदान दिशा तरी कळते.

आता कोशाकडे वळू. बीजिंगमधून निघणारा ‘शिएन्ताय हान्यू त्सितिएन’ हा आधुनिक चिनीचा सर्वमान्य कोश आहे. त्याची पहिली अधिकृत आवृत्ती १९७८ची आणि सातवी २०१६ची. त्यात जऽथंगचे तीन अर्थ दिले आहेत: उलटसुलट होत राहणे, एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा करणे, आणि छळणे. मराठीत याहून बारीक तुकडे पाडता येतात, कारण या प्रांतात मराठी विलक्षण श्रीमंत आहे. रात्रभर झोप न येता माणूस जऽथंग करतो तेव्हा तो तळमळतो, कूस बदलत राहतो. एका दाखल्यासाठी कचेऱ्यांमध्ये जऽथंग होते तेव्हा ते हेलपाटे असतात. जुनाट दुखणे माणसाला जऽथंग करते ती ससेहोलपट असते. मुलाने चालू घड्याळ उघडून, जोडून, परत उघडून जऽथंग केले तर आपण त्याला उचापती म्हणतो. कर्त्या पुरुषाने धंद्यामागून धंदे बदलून घरचा पैसा जऽथंग केला तर तो उधळला, घालवला म्हणतो. आणि तरुण मुलगी सुरक्षित नोकरी सोडून शहर बदलते, नवे काहीतरी उभे करू पाहते, तेव्हा तिच्या जऽथंगला आपण धडपड म्हणतो.

असे सहा शब्द हाती लागले की विद्यार्थी खूश होतो आणि सहाही वहीत उतरवतो. पण या यादीचा दोष असा की ती वाचताना उपयोगी पडते आणि बोलताना दगा देते. कोणता तुकडा केव्हा घ्यायचा हे यादी सांगत नाही. शिवाय चिनी बोलणाऱ्याच्या मनात हे सहा कप्पे नसतात. म्हणूनच त्याला दुसऱ्या कप्प्यातला वास पहिल्यातही येतो: ‘रात्रभर जऽथंग झाले’ म्हणताना झोप न येण्याबरोबरच एक फुकट गेलेली रात्र तो ऐकतो, ती ‘तळमळणे’ या आपल्या शब्दात तितकी नाही. उलट ‘तळमळ’मध्ये मनाची जी आच आहे, ती जऽथंगमध्ये असेलच असे नाही.

हे कप्पे नसतील तर ऐकणाऱ्याला नेमका अर्थ कळतो कशावरून? बव्हंशी क्रियापदाच्या मागे येणाऱ्या शब्दावरून. चिनी क्रियापद काळानुसार किंवा पुरुषानुसार बदलत नाही. त्याच्या मागे मात्र निष्पत्ती सांगणारा छोटा शब्द जोडला जातो, आणि वाक्याचे सारे वजन तिथे जाते. जऽथंगच्या मागे ‘क्वांग’ लागला, म्हणजे काहीच शिल्लक न राहणे, की घरची पुंजी बुडालीच. ‘ह्वाय’ लागला की यंत्र, वस्तू किंवा तब्येत बिघडली. मागे नुसता वेळ आला, ‘अर्धा दिवस’, ‘पूर्ण रात्र’, की दगदग आली आणि हाती काही लागले की नाही हा प्रश्न उघडा राहिला. ‘पू-छी’ लागला, म्हणजे परवडत नाही, की बोलणारा वयाने किंवा पैशाने थकलेला आहे आणि आता आणखी हलवाहलव सोसणार नाही. पण ‘छू’ लागला, म्हणजे बाहेर येणे, निघणे, की सगळे चित्र पालटते. त्या साऱ्या हलवाहलवीतून काहीतरी निघाले: एखादे दुकान, एखादे यंत्र, एखादे नाव. क्रियापद तेच, करणाराही कदाचित तोच. ‘क्वांग’ लागला तर कुलबुडवा आणि ‘छू’ लागला तर कर्तबगार.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. आपणही ‘खाल्ले’ आणि ‘खाऊन टाकले’, ‘बोलला’ आणि ‘बोलून बसला’, ‘केले’ आणि ‘करून ठेवले’ यांत फरक करतो, आणि तो फरक मागच्या सहायक क्रियापदात असतो. ‘बोलून बसला’ यातली चूक ‘बोलणे’ या शब्दाच्या कोणत्याही अर्थात सापडणार नाही. साम्य इथे संपते, कारण मराठीत बोलणाऱ्याचा भाव प्रामुख्याने मागे येतो, तर चिनीत निष्पत्ती येते. तरीही मागच्या शब्दाकडे कान देण्याची सवय आपल्याला आहे, आणि प्रौढ पातळीचे चिनी शिकताना ती फार मोलाची ठरते.

दुसरी रिकामी जागा झळ सोसणाऱ्याची. माणूस अंथरुणात कूस बदलतो तेव्हा हलवणारा आणि सोसणारा एकच. दुखणे माणसाला जऽथंग करते तेव्हा दोन बाजू वेगळ्या होतात, आणि चिनी वाक्य सोसणाऱ्याला ‘पा’ या शब्दाने ओढून क्रियापदाच्या आधी आणते: दुखण्याने त्याला असे काही जऽथंग केले की तो पार वाळला. लहान मूल जऽथंग करते तेव्हा झळ आईबापांना, कारकून जऽथंग करतो तेव्हा झळ अर्जदाराला. याच जागेमुळे ‘जऽमो’ या जवळच्या शब्दाशी असलेला फरकही कळतो. जऽमो म्हणजे यातना देणे. तिथे वेदना हाच मुद्दा असतो. जऽथंगमध्ये वेदना असेल किंवा नसेल. पुन्हा पुन्हा उठवले जाणे, घडी बसू न देणे हा तिथला मुद्दा. पश्चात्ताप माणसाला जऽमो करतो. दर महिन्याला नियम बदलणारी व्यवस्था त्याला जऽथंग करते.

यावर भाषेचा अभ्यासक विचारेल, आणि रास्तच विचारेल, की एकच मूळ अर्थ कल्पून त्यातून सगळे उपयोग काढणे हा बुद्धीचा खेळ तर नव्हे? पुरेसा धूसर मूळ अर्थ घेतला तर त्यातून काहीही काढता येते. या आक्षेपाला उत्तर एकच: आपण मांडलेल्या अर्थाने काय म्हणता येणार नाही हेही सांगितले पाहिजे, आणि ते खरे निघाले पाहिजे. पाहू. मूळ अर्थात वारंवारता आहे. म्हणून एका क्षणात पाय मोडला तर त्या अपघाताला जऽथंग म्हणत नाहीत, पण नंतर या इस्पितळातून त्या इस्पितळात झालेल्या फेऱ्यांना जरूर म्हणतात. स्थिर गोष्ट हलवणे आहे. म्हणून तीस वर्षे एकाच कारखान्यात रोज तेच काम करणाऱ्याला, त्याचे काम कितीही वारंवारतेचे असले तरी, जऽथंग करणारा म्हणत नाहीत. दरवर्षी नांगरणाऱ्या शेतकऱ्यालाही नाही. तोच शेतकरी एका वर्षी ऊस, दुसऱ्या वर्षी डाळिंब, तिसऱ्या वर्षी सगळे उपटून शेततळे असे करू लागला की शेजारी तो शब्द लगेच वापरतील. आणि झळ आहे. म्हणून लाटा किनाऱ्यावर रात्रंदिवस येत-जात असल्या तरी एरवी त्यांना हे क्रियापद लागत नाही, पण त्याच लाटांनी बोटीतल्या प्रवाशांचे हाल केले की लागते. कोशातल्या तीन अर्थांची यादी या नकारांपैकी एकही सांगत नाही. ‘पुन्हा पुन्हा करणे’ एवढेच पाठ करणारा विद्यार्थी नांगरणाऱ्या शेतकऱ्यापाशी निश्चित चुकेल.

आता हू जिंताओंच्या वाक्याकडे पुन्हा पाहिले तर त्या सभागृहात शब्द इतका अचूक का बसला ते दिसते. सभागृहात बसलेल्या ज्येष्ठांनी १९५८ची ‘मोठी झेप’ पाहिली होती, जिच्यात शेतकऱ्यांना शेतीवरून उठवून घरामागच्या भट्ट्यांत लोखंड वितळवायला लावले गेले, आणि जिच्या पाठोपाठ भीषण दुष्काळ आला. त्यांनी १९६६ ते १९७६ ही सांस्कृतिक क्रांतीची दहा वर्षे पाहिली होती, जिच्यात शाळा-विद्यापीठे बंद पडली आणि शहरांतली मुले खेड्यांत पाठवली गेली. बसलेली घडी वरून पुन्हा पुन्हा मोडली गेली, आणि झळ खाली बसली. हू यांनी कोणाचे नाव घेतले नाही, कोणत्याही मोहिमेचा उल्लेख त्या शब्दात नव्हता. क्रियापदातल्या दोन्ही जागा त्यांनी रिकाम्या ठेवल्या, आणि ऐकणाऱ्यांनी त्या स्वतःच्या आठवणींनी भरल्या. दुभाष्याची अडचण हीच होती. ‘धरसोड’ म्हटले की झळ गळते, ‘छळ’ म्हटले की धरसोड गळते, आणि ‘उपद्व्याप’ म्हटले की तो किरकोळ वाटतो. कर्त्याचे नाव न घेता त्याला जबाबदार धरणारा शब्द इंग्रजीत चटकन मिळेना. याच तीन नकारांची ओळ पुढे नोव्हेंबर २०१२ मध्ये पक्षाच्या अठराव्या महाअधिवेशनाच्या अहवालातही आली. बोलीतले क्रियापद पक्षाच्या अधिकृत भाषेत स्थिरावले होते.

सगळ्यात अवघड आक्षेप मात्र वेगळा आहे. झळ हा अर्थाचा भाग असेल, तर अलीकडची तरुण मंडळी हाच शब्द कौतुकाने कसा वापरतात? ‘वय आहे तोवर जऽथंग करून घ्या’ हा सल्ला चीनमध्ये सर्रास ऐकू येतो. व्यायामाची महती सांगणारे ‘जीवन म्हणजे हालचाल’ हे घोषवाक्य मोडून ‘जीवन म्हणजे जऽथंग’ असेही लोक म्हणतात. नव्या उद्योगांच्या कथांत तर हा शब्द जवळजवळ सद्‌गुण झाला आहे. अर्थ बदलला, असे म्हणून हा प्रश्न संपवता येईल. पण मला ते पटत नाही, कारण झळ गेलेली नाही. फक्त ती कोण सोसणार हे बदलले आहे. हे सगळे उपयोग बहुतेक स्वतःच्या आयुष्याबद्दल असतात. माझी स्थिर नोकरी मीच हलवीन आणि फटका बसला तर मीच सोसेन, असे म्हणणाऱ्याच्या तोंडी जऽथंगला धीटपणाचा रंग चढतो. झळ अर्थातून खरोखरच निघून गेली असती तर या वाक्यांतला धीटपणाही गेला असता. नुसत्या ‘प्रयत्न करा’ या सल्ल्यात तो नाही. आणि हाच कौतुकाचा शब्द दुसऱ्याच्या पैशावर, दुसऱ्याच्या वेळेवर चालला की लगेच जुन्या जागी परततो. मग त्याच्या आधी ‘श्या’ हा शब्दही हमखास लागतो. त्याचा मूळ अर्थ आंधळा. इथे तो काही साध्य न करता, डोळे झाकून असा आहे. एकाच घरात मुलगा म्हणतो मी जऽथंग करणार, आणि वडील म्हणतात हा श्या-जऽथंग करतो. दोघे एकाच घटनेबद्दल बोलतात, शब्दाचा अर्थही दोघांना तोच ठाऊक असतो. वाद आहे तो झळ शेवटी कोणाच्या खिशाला बसणार यावर.

कामापुरते शिकणाऱ्याची तक्रार अधिक साधी असते. २०२१ साली जाहीर झालेल्या नव्या चिनी मानकात एकूण ११,०९२ शब्द आहेत, आणि त्यांपैकी ५,६३६ एकट्या सातव्या ते नवव्या पातळीचे. प्रत्येकाची अशी चिरफाड करायची तर जन्म पुरणार नाही. तक्रार खरी आहे, पण ती सगळ्या शब्दांना सारखीच लागू नाही. वरच्या पातळीच्या क्रियापदांत बरीचशी लेखी भाषेतली, दोन चिन्हांची, ठरावीक सोबतीची असतात. ‘हुंगयांग’ घ्या: त्याचा अर्थ गौरवाने पुढे नेणे, फैलावणे, आणि त्याचे कर्म जवळजवळ नेहमी परंपरा, संस्कृती किंवा एखादी सद्‌वृत्ती असते. ते तीन शब्द सोबत लिहिले की काम झाले. अशा क्रियापदाला चिरफाड लागत नाही. लागतो तो एक बरा नमुना. जऽथंगसारखी, म्हणजे बोलीतून आलेली, माणसांपासून पैशांपर्यंत सर्वांना लागणारी आणि बोलणाऱ्याचा राग-लोभ वाहून नेणारी क्रियापदे त्या मानाने थोडी आहेत. वेळ द्यायचा तो त्यांना. सगळ्या शब्दांना सारखाच वेळ देणे हेच खरे तर महाग पडते.

आणि वेळ देणे म्हणजे काय, हेही नेमके सांगता येते. ब्रिटिश भाषावैज्ञानिक जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये मांडले होते की शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते. चीनमध्ये ल्यू शूश्यांग यांच्या संपादनाखाली १९८० साली निघालेला ‘आधुनिक चिनीचे आठशे शब्द’ हा ग्रंथ याच विचाराच्या जवळचा आहे. त्यात व्याख्येपेक्षा वापराच्या रचनांना महत्त्व आहे. तो प्रामुख्याने व्याकरणी शब्दांसाठी आहे, पण त्याची रीत क्रियापदांनाही चालते. पेकिंग विद्यापीठाचा आणि बीजिंग भाषा व संस्कृती विद्यापीठाचा असे दोन मोठे मजकूरसंग्रह जालावर शोधता येतात. त्यांत जऽथंग टाकून आलेल्या पहिल्या तीस-चाळीस ओळी घ्याव्यात आणि अर्थ न लिहिता फक्त तीन गोष्टी टिपाव्यात: हलवणारा कोण, सोसणारा कोण, आणि क्रियापदाच्या मागे काय आले. अर्थ शेवटी लिहावा, आणि तोही आपल्या भाषेत, ओळीगणिक वेगळा. मग एखादी ओळ अशी सापडते जिथे सोसणारा दिसतच नाही. ती बाजूला ठेवून आसपासचा परिच्छेद वाचावा, कारण बहुधा बोलणाराच तो असतो आणि त्याने सौजन्याने किंवा भीतीने स्वतःला वाक्याबाहेर ठेवलेले असते.

या रीतीने एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे प्रदेशाचा फरक. जऽथंग हा मुळात उत्तरेच्या बोलीचा शब्द. दक्षिणेत तो शाळा, दूरदर्शन आणि पुस्तके यांच्यामार्फत सर्वांना कळतो, पण कँटोनीज किंवा शांघायची बोली घरात बोलणाऱ्याच्या तोंडी, घरगुती कुरबुरीसाठी, आपापले वेगळे शब्द आधी येतात. म्हणून ग्वांगचौमध्ये राहून चिनी शिकणाऱ्याला हा शब्द वर्तमानपत्रात वरचेवर आणि स्वयंपाकघरात क्वचित भेटेल. बीजिंगमध्ये शिकणाऱ्याला तो बसच्या रांगेतही ऐकायला मिळेल.